परवा गेलेला पाहुणा

काचीगुडा स्टेशनासमोर सीताफळांच्या टोपल्या उतरल्या की आमच्या हैदराबादेतला पावसाळा संपतो. हवामान खातं काहीही म्हणो. पालमूरकडच्या बायका सकाळच्या गाडीनं येतात, डोक्यावरची टोपली फुटपाथवर ठेवतात आणि वर झाकलेला सीताफळाचा पाला जरा बाजूला सारतात. त्या पाल्याला एक कडवट, हिरवा वास असतो. अख्खा रस्ता त्या वासानं काही दिवस शहाण्यासारखा वागतो. फळाचे डोळे उघडलेत का ते नुसत्या नजरेनं बघायचं. अंगठ्यानं दाबून बघितलंत तर तेलुगूत शिवी मिळते आणि ती बरोबरच असते.

हल्ली सीताफळं मॉलमध्येही दिसतात. थर्माकोलच्या ताटलीत, प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली श्वास कोंडून बसलेली. वर चिठ्ठी असते, 'सेंद्रिय'. खडकात, कुणी न लावता उगवणाऱ्या झाडाला सेंद्रिय म्हणायला केवढं धाडस लागत असेल.

या वर्षी पहिली टोपली दिसली त्याच दिवशी टपालानं एक जाडजूड निमंत्रणपत्रिका आली. हिमायतनगरच्या पुढच्या एका मोठ्या हॉटेलात परिसंवाद आहे. विषय, स्वतंत्र पत्रकारांचं संरक्षण. पत्रिकेवर मुठीत धरलेली लेखणी, लेखणीच्या टोकाला ज्योत. खाली मान्यवरांची नावं इतकी, की एखाद्या पत्रकाराचं नाव घालायला जागाच उरली नव्हती. शेवटी भोजनाचा उल्लेख ठळक अक्षरात. मी पत्रिका सीताफळांखाली ठेवली. कागद खरंच चांगला होता. रस अजिबात खाली झिरपला नाही.

सीताफळ आणि पत्रकार हे दोन शब्द शेजारी आले की मला देविदासराव आठवतात, आणि नव्वदीच्या सुरुवातीचा तो एक आश्विन.

तेव्हा देशात सगळं खुलं होत होतं. बाजार खुला झाला होता, आकाश खुलं झालं होतं, गच्चीगच्चीवर तबकडीसारखे अँटेना आभाळाकडे तोंड उघडून बसले होते. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उघडले होते आणि लोक काचेच्या खोलीत उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात खासगी बोलत होते. वर्तमानपत्रांतून खुलेपणावर रोज अग्रलेख येत होते. आणि त्याच दिवसांत, आमच्याच छोट्या रेल्वेलाईनवर, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एका साप्ताहिकाचा छापखाना भरदुपारी फोडण्यात आला. छपाईचे शिशाचे खिळे पोत्यात भरून विहिरीत ओतले. बघे होते. साक्षीदार नव्हते.

साप्ताहिकाचं नाव होतं 'वेशीवर'. जे टांगायचं ते वेशीवरच टांगायचं, असा एकूण बाणा. संपादक, वार्ताहर, वसुली अधिकारी आणि अंकावर पत्ते चिकटवणारा, सगळं देविदासरावच. गावातल्या साखर कारखान्याच्या चेअरमनांनी सभासदांच्या नावावर परस्पर कर्जं उचलली होती, आणि देविदासरावांनी त्या सभासदांची नावं दर शुक्रवारी क्रमाक्रमानं छापायला घेतली होती. त्यातले काही सभासद वारले होते. ते कर्ज काढायला कसे आले असतील यावर त्यांनी एक अतिशय नम्र अग्रलेख लिहिला होता. छापखाना फुटला तो त्या अग्रलेखानंतर. चेअरमनांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. देविदासरावांवर कारखान्याच्या गोदामातून साखरेची पोती चोरल्याचा गुन्हा दाखल झाला.

देविदासरावांना मधुमेह होता. ज्या माणसाला चहात चमचाभर साखर चालत नव्हती त्याच्यावर साखरचोरीचा गुन्हा! सत्तेला विनोदबुद्धी नसते असं म्हणतात ते खरं नाही. असते, पण ती तिला ठाऊक नसते.

ते आमच्याकडं आले त्याला कारण होतं. आदल्या वर्षी इथल्या मराठी मंडळानं त्यांचा सत्कार केला होता. आमचं मंडळ दर वर्षी मुक्तिदिनानंतर एका निर्भीड पत्रकाराचा सत्कार करतं. निर्भीड पत्रकार शक्यतो बाहेरगावचा असावा असा अलिखित नियम आहे. त्या वेळी दोन दिवस त्यांची उतरण्याची सोय आमच्या घरी केली होती. घरी आम्ही दोघीच. मी मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते, आणि माझी आत्या सुभद्राबाई, जिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आक्का निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेली. उर्दू पेपर घडाघडा वाचायची, मराठी मात्र बोट ठेवून. अंबाजोगाईकडची शेतकऱ्याची लेक, लग्न होऊन हैदराबादेत आली, लवकर विधवा झाली, आणि त्यानंतर कुणाचंही ऐकायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं.

देविदासराव सकाळच्या गाडीनं उतरले. हातात एक पिशवी आणि काखेत, सत्कारात मिळालेल्या त्याच शालीत गुंडाळलेले, पुढच्या अंकाचे कागद.

"आक्का, पळून आलो असं समजू नका," दारातच म्हणाले. "अंक काढायला आलोय. तिकडं खिळे ओले झालेत."

"आधी पाय धू," आक्का म्हणाली. "अंक काय पळून चाललाय?"

दुपारी मी त्यांना नानासाहेबांकडं घेऊन गेले. नानासाहेब मंडळाचे अध्यक्ष, नामांकित वकील, बरकतपुऱ्यात बंगला. मंडळात 'भूमिगत' हा शब्द फार लाडका आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक निजामाच्या पोलिसांना चुकवून पत्रकं छापत, कुणाकुणाच्या माळ्यावर लपून राहत, हे दर मुक्तिदिनाला सांगितलं जातं, आणि सांगताना वक्त्यांचा आवाज हमखास भरून येतो. नानासाहेबांचा सर्वात जास्त. मला वाटलं, या माणसाला भूमिगत हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

नानासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग चष्मा पुसला.

"देविदासराव, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. प्रश्नच नाही. पण मंडळाच्या खोलीत राहायचं म्हणजे... इमारतीच्या अनुदानाचा अर्ज इथल्या नि तिकडच्या, दोन्ही सरकारांकडं पडून आहे. वातावरण जरा निवळू द्या."

"वातावरण निवळल्यावर मी घरीच राहीन की," देविदासराव म्हणाले.

नानासाहेब माझ्याकडं वळले. "आणि बाई, तुमच्या घरी म्हणाल तर दोघी बायकाच. परका पुरुष राहतो, ते काही बरं दिसत नाही."

घरी येऊन मी हे आक्काला सांगितलं. संध्याकाळी ती स्वतः बरकतपुऱ्यात गेली, फाटकापाशी उभी राहून म्हणाली, "नानासाहेब, आमच्याकडं बरं दिसत नसंल तर तुमच्याकडं ठेवा. तुमचा बंगला आहे. मोठा बरा दिसंल." आणि उत्तराची वाट न बघता परत आली. येताना टोपलीभर सीताफळं घेऊन आली. म्हणजे प्रश्न मिटला होता.

आक्कानं मला त्या दिवशी एकच नियम घालून दिला. "त्याला विचारायचं नाही, किती दिवस राहणार. जेवायला काय करू, एवढंच विचारायचं." पुढं आयुष्यात या विषयावरचे बरेच जाड अहवाल वाचनात आले. निवारा, पुनर्वसन, मानसिक आधार, सगळ्यावर प्रकरणं होती. या नियमाएवढं उपयोगी काही सापडलं नाही.

आता छपाई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुनीरभाईंचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं. मुनीरभाई अतिशय बढाईखोर माणूस. निजामाच्या खानदानातल्या कुणाच्या तरी शादीचं कार्ड आपल्या वडिलांनी छापलं, हे ते गिऱ्हाईकाला बसायच्या आधी सांगत. शहरात कॉम्प्युटरवर छपाई सुरू झाली होती आणि त्यांचा धंदा बसत चालला होता, पण ते म्हणायचे, "कम्पूटर फैशन है बाई, चला जाता." त्यांच्याकडं देवनागरी खिळे भरपूर होते, मारवाडी आणि मराठी लग्नांच्या कृपेनं. 'श्री' पोतंभर. 'चि.' आणि 'सौ. कां.' हवे तेवढे. पण पहिल्याच पानाला घोळ झाला. 'ळ' संपला.

हिंदीला 'ळ' लागत नाही. लग्नाला फारसा लागत नाही. भ्रष्टाचाराला मात्र सारखा लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. घोटाळा, गाळा, गोळा, काळा, लबाडीच्या सगळ्या शब्दांत तो मुक्कामाला. शेवटचे उरलेले 'ळ' मुनीरभाईंनी तळहातावर घेऊन दाखवले. "इत्तेच हैं साब. इसमें जितना चोरी बैठता, बिठा लो."

देविदासराव खाली मान घालून हसले आणि बाकड्यावर बसून सगळा मजकूर पुन्हा लिहायला लागले. घोटाळ्याची अफरातफर झाली. काळ्या पैशाचा दोन नंबरचा पैसा झाला. मी मुद्रितं तपासायला बसले होते. मला आठवतं, शाईचा आणि घासलेटचा वास, पायानं चालवायच्या मशीनचा ठेका, आणि मध्येच त्यांचं पुटपुटणं, "गाळप नको... ऊस दाबला म्हणू... नाय, तेवढा एक ळ राहू द्या, चेअरमनच्या टोळीसाठी." मी इतकी वर्षं शिकवलेल्या इतिहासात सेन्सॉरशिपचे अनेक प्रकार होते. खिळ्यांच्या टंचाईनं भाषा अधिक धारदार झाल्याचं उदाहरण मात्र तेवढंच.

खरी अडचण शेवटच्या ओळीची होती. वाचक ती ओळ कधी वाचत नाहीत. 'हे पत्र अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले.' कायद्यानं ती लागते. ती नसली तर साप्ताहिक उरत नाही, निनावी पत्रक होतं. आणि चेअरमनांना तेच हवं होतं. गावात त्यांनी सांगत सुटायला सुरुवात केलीच होती, 'वेशीवर' बंद पडलं, संपादक फरार आहे. देविदासरावांचं म्हणणं असं, की अटक झाली तरी चालेल, पण एक शुक्रवार चुकला तर ज्या सभासदांनी भीत भीत कागद आणून दिले ते पुन्हा तोंड उघडणार नाहीत. म्हणून शेवटच्या ओळीत खऱ्या माणसांची खरी नावं हवी होती. मुद्रक आणि प्रकाशक. म्हणजे पुढचं समन्स कुणाच्या दारात येणार, ते आधीच छापून द्यायचं.

मुनीरभाईंना त्यांनी हे नीट समजावून सांगितलं. नाव घातलं तर काय होऊ शकतं, तेही सांगितलं.

मुनीरभाईंनी पान थुंकलं. "नाम डालो. कैकू नहीं डालना? लेकिन बराबर डालो. 'मुनीर' में बड़ी ई. पिछली बार चुनाव के परचे में छोटी डाल दिए थे. जेल जाएंगे तो अपने नाम से जाएंगे, दूसरे के नाम से कैकू जाना?"

प्रकाशक म्हणून आक्का म्हणाली, माझं घाल. मी म्हटलं, माझं घाला. आक्का म्हणाली, "तुझी नोकरी आहे. माझं कोण काय काढून घेतंय?" देविदासरावांच्या वकिलाच्या कागदावर तिनं उर्दूत सही केली. मराठी साप्ताहिकाची प्रकाशिका उर्दूत सही करते हे ऐकून मंडळात काही जणांना मराठीची काळजी वाटली. त्यांना आधी कसलीही काळजी वाटली नव्हती, त्यामुळे मला जरा बरंच वाटलं.

छापलेले अंक मुनीरभाईंच्या लग्नपत्रिकांच्या खोक्यांतून रेल्वेच्या पार्सलनं गावी जात. वर झळाळता गणपती, आत कर्जदारांची नावं. चातुर्मास चालू होता, तुळशीच्या लग्नापर्यंत कुणाचं लग्न निघणार नव्हतं. तरी एवढ्या पत्रिका कुणाच्या, हे पार्सलच्या बाबूनं कधी विचारलं नाही. तिकडं एक पानवाला अंक विकायचा. गल्ल्याखालून. आधी लोक उधारीवर वाचत, आता रोख देऊन नेत होते. दडपल्यानं खप वाढतो, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या लक्षात येईल तेव्हा आमच्या व्यवसायाचं कठीण आहे, असं देविदासराव म्हणत.

संध्याकाळी ते गच्चीवर बसत. खाली इंजिनांचा धूर, समोर अँटेना, आणि आक्कानं तांदळात घालून पिकवलेली सीताफळं. त्यांना ते फळ अगदीच वर्ज्य. आक्का ताटलीत एकच ठेवायची. ते त्याच्याकडं बघत बसायचे, मग म्हणायचे, "बाई, चोरीचा आरोप तर लागलाच आहे," आणि खायचे. एक एक बी तोंडात घोळवत, अगदी सावकाश. घराबाहेर पडलेल्या माणसाचं खाणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चव घेण्यापेक्षा काहीतरी आठवून बघणं चाललेलं असतं.

इथं मला एका शब्दाबद्दल सांगायला हवं.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये आता पुण्याहून आलेलं एक सॉफ्टवेअरवालं जोडपं राहतं. मुलगी गोड आहे, वक्तशीर आहे, म्हणून सारखी दुःखी असते. परवा ती तणतणत आली. "काकू, हा इलेक्ट्रिशियन खोटं बोलतो. म्हणे, आपकी मोटर परसों ही बदले. परवा आम्ही दिवसभर घरातच होतो!" मी तिला सांगितलं, बाई गं, तो खरं बोलतोय. मोटर त्यानं तुम्ही राहायला यायच्या आधी बदलली. हैदराबादेत काल म्हणजे काल. त्याच्या मागचं सगळं परसों. गेल्या आठवड्यातलं परसों, गेल्या उन्हाळ्यातलं परसों. निजाम गेला तोही परसोंच. इथल्या उर्दूतून हा 'परसों' आम्हा जुन्या मराठी घरांच्या 'परवा'त कधी शिरला ते कुणालाच ठाऊक नाही. बहुधा परवाच. पुण्याच्या मुलीनं बोटं मोजली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मगाशी म्हणालात मिक्सर परवा बिघडला..." मी म्हटलं, "हो, करोनाच्या आधी."

या शब्दाला मी पूर्वी ढिलाई समजायचे. माझ्याकडं मध्यंतरी एक तरुण पाहुणा राहून गेला. दुसऱ्या देशाचा. देशाचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही. तोही बातमीदार. त्याच्या शहरातल्या चौकातला कॅमेरा त्याच्या मोबाइलवर दिसायचा, तो जेवताना तो चौक बघायचा. घर सोडून किती काळ झाला, असं शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा त्यानं इथं शिकलेल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "परसों." त्याला सोडून बरीच वर्षं झाली होती. आमच्या गल्लीत कुणालाही ते चुकीचं वाटलं नाही. घरातून हाकललेल्या माणसासाठी हाच शब्द बरोबर असावा.

तर तो आश्विन. खंडपीठात देविदासरावांचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज होता आणि सुनावणी पुढं पुढं जात होती. तोवर हाती लागले असते तर थेट तालुक्याच्या कोठडीत, चेअरमनांच्या पाहुणचाराला. एका सकाळी दारावर थाप पडली. देविदासराव तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मुनीरभाईंकडं मुद्रितं वाचत बसलेले. दारात साध्या कपड्यातला एक फौजदार, चेअरमनांच्या तालुक्यात नव्यानं बदलून आलेला, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. बरोबर काचीगुडा ठाण्याचा आमच्या ओळखीतला हवालदार, वाट दाखवायला दिलेला. हा हवालदार सकाळी मुनीरभाईंच्या बाकड्यावर चहा पीत असे. म्हणजे कोण कुठं बसलंय ते त्याला आमच्याइतकंच माहीत होतं.

आक्का जमिनीवर बसून सीताफळं निवडत होती. "या, बसा," म्हणाली आणि दोघांच्या हातात एकेक पिकलेलं फळ ठेवलं. फौजदार नको म्हणाला. आक्कानं ऐकलं नाही. सीताफळाची गंमत अशी, की ते एकदा फोडलं की खावंच लागतं, आणि तोंडात बिया असताना माणसाला दरडावता येत नाही.

"ते देविदासराव," फौजदारानं एक बी हातात काढली, "इथं राहतात?"

"राहायला हे काय लॉज आहे?"

"मग आले होते का?"

"हौ, आला होता की. मोठा सत्कार झाला त्याचा. शाल दिली, नारळ दिला. नानासाहेब वकिलांना विचारा, त्यांच्याच हातानं दिला."

फौजदाराच्या भुवया वर गेल्या. "सत्कार? कधी?"

"परवा."

"परवा!" त्यानं घाईघाईनं बिया गिळल्याच असाव्यात. "आणि मग?"

"मग काय, बीदरला गेला. बहीण आहे तिकडं. मीच बसवून दिलं की बशीत."

"कधी?"

"सांगितलं ना. परवाच."

फौजदार उठून उभा राहिला. पण माणूस अगदीच कच्चा नव्हता. तो हवालदाराकडं वळला. "काय रे, म्हातारी खरं बोलते का?"

मी हवालदाराकडं बघितलं. त्यानं सीताफळाचं साल अगदी तळापर्यंत चाटून पुसून खाल्लं, मग सरळ उभा राहून म्हणाला, "हौ साब. परसों गए बोल रहे. परसों गए सो मैं भी सुना."

जीप बीदरच्या रस्त्याला लागली. मी आधी दार लावून घेतलं. "आक्का, अहो, धडधडीत खोटं?"

"खोटं काय बोलले?" आक्का खरोखर चिडली. "नाही आला होता? नाही झाला सत्कार? नाही बसवलं बीदरच्या बशीत?"

"ते गेल्या वर्षी!"

"मग? परवाच झालं की!"

फौजदार बीदरमध्ये बहिणीचं घर शोधत होता, आणि नानासाहेबांकडं चौकशी करायचा त्याला बहुधा धीर झाला नाही, कारण वकिलाच्या बंगल्यात शिरण्याचे कागद त्याच्याकडं नव्हते. तेवढ्या मुदतीत खंडपीठानं जामीन दिला. बातमी एसटीडी बूथवर आली. देविदासराव काचेच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते. त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं नाही. गल्लीनं ऐकलंच होतं.

दुसऱ्या दिवशी नानासाहेब आले. पहिल्यांदाच आमच्या जिन्यावरून वर आले, त्यामुळे धापा टाकत होते. बरोबर मंडळाचे दोन पदाधिकारी. प्रस्ताव असा, की जामीन मिळाल्याबद्दल देविदासरावांचा जाहीर सत्कार करावा. सभागृह मिळत होतं. एक माजी मंत्री मोकळे होते.

"आम्ही पहिल्यापासून तुमच्या पाठीशी होतोच," नानासाहेब म्हणाले.

देविदासरावांनी मुनीरभाईंकडून आलेला ताजा अंक त्यांच्यापुढं धरला. शाई अजून ओली होती. "नानासाहेब, पाठीशी जागा राहिली नाही. तिथं फार गर्दी झालीय. इथं या," आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं दोनच नावं आहेत. एक मुनीरभाई, एक आक्का. कायदेशीर सल्लागार म्हणून तुमचं घालू?"

नानासाहेबांनी ती ओळ वाचली. बराच वेळ वाचली, एवढी मोठी नव्हती. मग म्हणाले, कार्यकारिणीपुढं विषय ठेवावा लागेल. कार्यकारिणीपुढं तो विषय अजून आहे. त्यांच्यावर मी रागावत नाही. शाल देणारे हात पुष्कळदा गरम असतात, फक्त ती लांबूनच द्यायची त्यांना सवय असते.

पुढं वाद झाला तो परत जाण्यावरून. खंडपीठातल्या वकिलांचा निरोप होता, इतक्यात गावी जाऊ नका. कागदावर जामीन आहे, स्टेशनवर चेअरमनांची माणसं आहेत. मीही तेच म्हणत होते. राहा की इथंच, अंक इथूनही निघतो. देविदासराव गच्चीवर येरझारा घालत म्हणाले, "बाई, इथून लिहितो तेव्हा माझ्या हाताला भीती नसते. भीती तिकडं अंक घेणाऱ्यांना असते. मी सुरक्षित आणि ते उघड्यावर, हे लई दिवस चालत नसतंय."

"मग गुपचूप जा. आडवेळच्या गाडीनं उतरा."

"गुपचूप गेलो तर गुपचूप मारतील."

त्या शुक्रवारच्या अंकात पहिल्या पानावर चौकट होती, लग्नपत्रिकेच्या वेलबुट्टीची, कारण मुनीरभाईंकडं दुसरी किनार नव्हती. आत एवढंच: संपादक सोमवारी दुपारच्या पॅसेंजरनं हैदराबादहून येत आहेत. ज्यांना त्यांना भेटायचं असेल, कोणत्याही कारणासाठी, त्यांनी स्टेशनवर यावं.

'कोणत्याही कारणासाठी' हे शब्द मी मुद्रितात दोनदा तपासले. मुनीरभाईंनी ते जरा मोठ्या टायपात बसवले.

आक्का म्हणाली, मी जाणार. प्रकाशक आहे. मग मला जावंच लागलं. कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती. ती मीटरगेजची गाडी, लाकडी बाकं, निजामाबादच्या पुढं खिडकीतून आत येणारा कापणीचा भुसा. देविदासरावांनी शाल घडी करून पिशवीत तळाशी ठेवली होती, वर औषधाची बाटली. गाव जवळ आलं तसे ते उभे राहिले, केस सारखे केले, पुन्हा बसले. आक्कानं आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि बाहेर बघत राहिली.

स्टेशन अगदी छोटं. एक फलाट, एक कडुलिंब, चहाची टपरी. फाटकाबाहेर जीप उभी होती आणि तिला टेकून पाच-सहा पांढरे शर्ट. पण मी पाहत राहिले ते फलाटाकडं. तो माणसांनी भरला होता. इतकी शांत गर्दी मी आयुष्यात पाहिली नव्हती. घोषणा नाहीत, हार नाहीत, कुणी गाडीकडं पाहतसुद्धा नव्हतं. म्हातारे सभासद, पानवाला, शाळामास्तर, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. सगळे कुठंतरी भलतीकडंच बघत उभे.

आधी आक्का उतरली. मग मी. मग देविदासराव.

पांढऱ्या शर्टांतला एक जण आत आला आणि जवळच्या एका म्हाताऱ्याला दरडावून म्हणाला, "तू कशाला रे आलास?"

"पार्सल सोडवायचंय," म्हातारा म्हणाला.

"आणि तू?"

"मामा येनार होते आमचे."

"तुम्ही, मास्तर?"

"गाडीचं टाइम बदललंय का, ते बघायला."

"बाई, तू गं?"

"मला काय, पाव्हणे यायचेत."

त्यानं फलाटावर नजर फिरवली. त्या दुपारी गाडीतून आम्ही तिघंच उतरलो होतो. गाडी शिट्टी देऊन निघून गेली. मामा आले नाहीत, पार्सल उतरलं नाही, कुणाचेही पाहुणे आले नाहीत, आणि फलाटावरचं एकही माणूस निराश दिसलं नाही. देविदासराव पिशवी घेऊन फाटकाकडं चालू लागले. तशी बाकीच्यांनाही घरची आठवण झाली. कुणी त्यांच्या पुढं, कुणी मागं, कुणी दोन्ही अंगांनी, एकमेकांशी न बोलता सगळे निघाले. जीपजवळ वाट अरुंद होती. तिथं ते जरा दाटीनं चालले. पांढऱ्या शर्टांना टेकलेल्या जागेवरून हलता आलं नाही.

स्टेशनापासून देविदासरावांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्या दिवशी सगळ्या गावाचं घर त्याच टोकाला होतं.